आधी मोजा, मग पार्ट बदला

चाकणच्या कारखान्यांतून आज दमदार गाड्याही बाहेर पडतात. फोक्सवॅगनची १५० अश्वशक्तीची व्हर्टस जीटी इथलीच, आणि मर्सिडीजच्या एएमजी जीएलसी ४३ कूपेची जुळणीही २०२० मध्ये इथेच सुरू झाली. अशा गाडीचे आयडलिंग बिघडले, सिग्नलला आरपीएम वर-खाली होऊ लागला, की संशय प्लग, कॉइल, सेन्सरवर जातो आणि बदलाबदली सुरू होते. हा क्रम उलटा आहे. दोष केव्हा दिसतो आणि केव्हा नाहीसा होतो, हे आधी मोजायला हवे.

कारण आयडलिंगला इंजिनाचा श्वास फार थोडा असतो. दीड लिटरचे टर्बो इंजिन तेव्हा सेकंदाला साधारण ३ ग्रॅम हवा घेते. पूर्ण ताकदीला हा आकडा १०० ग्रॅमच्या घरात जातो. फाटक्या नळीतून शिरलेली अर्धा ग्रॅम हवा वेगात जाणवत नाही, आयडलिंगला मात्र मिश्रण बिघडवते. ऑक्सिजन सेन्सर ती ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंधन वाढवतो. ही दुरुस्ती म्हणजे फ्युएल ट्रिम; तो स्कॅनरवर टक्क्यांत दिसतो. समजा, तो आयडलिंगला +२० आणि २,५०० आरपीएमला +३ आहे; मग गळती शोधावी. भार वाढेल तसा तो चढत गेला तर इंधनाचा पुरवठा तपासावा. मिसफायर एकाच सिलिंडरचे असेल तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी. मिसफायर तिच्याबरोबर सरकले तर दोष कॉइलचा. जागीच राहिले तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन पाहावे.

स्कॅनर कोड देतोच, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण पी०१७१ हा कोड मिश्रणात इंधन कमी पडते एवढेच सांगतो. ऑक्सिजन सेन्सर खराब आहे असे नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अनेक टर्बो इंजिनांत हवेचे वजन न मोजता मॅनिफोल्डमधला दाब मोजतात, तिथे गळती ट्रिममध्ये नीट उमटत नाही. हे खरे आहे, म्हणूनच तिथे स्मोक टेस्ट करावी. धूर गळतीची जागा दाखवतो. ताकदीचे इंजिन थरथरणारच, हा समज मात्र सोडावा. कॅमशाफ्ट बदललेल्या रेसिंग इंजिनाला तो लागू पडेल. कारखान्यातून आलेल्या बीएस-६ गाडीत वाढलेली थरथर हा बिघाडच. तपासणीला वेळ आणि मजुरी लागते, पण अंदाजाने बदललेला एक चांगला सेन्सर त्याहून महाग पडू शकतो. म्हणून नव्या पार्टला होकार देण्याआधी मेकॅनिककडे आयडलिंगचे आणि २,५०० आरपीएमचे आकडे मागा.