परिचर्येचे पदव्युत्तर दूरशिक्षण आणि वेदनेची भाषा

परिचर्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण दूरस्थ पद्धतीने देता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात मागितले जाते. वस्तुतः प्रश्न निराळ्या रीतीने मांडावयास हवा. या शिक्षणाचा कोणता भाग अंतर ओलांडून विद्यार्थिनीपर्यंत पोहोचतो आणि कोणता रुग्णशय्येपाशीच शिकावा लागतो, हे आधी ठरविले पाहिजे. प्रस्तुत लेखात भाषेच्या अंगाने या विभागणीचा विचार केला आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९० नंतरच्या दशकात सेवेतील परिचारिकांसाठी पदवीचा दूरस्थ अभ्यासक्रम सुरू केला; परंतु त्यातील प्रात्यक्षिके प्रत्यक्ष उपस्थितीनेच करावयाची असत. मार्च २०२० मधील टाळेबंदीने नियमित महाविद्यालयांनाही ऑनलाइन वर्ग घ्यावयास लावले. त्याच वर्षीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांत मात्र दूरस्थ व ऑनलाइन पदव्यांसाठी वर्ज्य विषयांमध्ये परिचर्येची गणना केलेली आहे. हा निर्बंध योग्यच होय. नाडी बोटांनीच ओळखावी लागते, जखमेचा रंग व गंध जवळूनच कळतो. तथापि, संपूर्ण पदवी दुरून देता येत नाही, एवढ्यावरून तिचा कोणताही भाग दुरून शिकविता येत नाही असे सिद्ध होत नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. दोन वर्षांच्या एम.एस्‌सी. अभ्यासक्रमास येणारी विद्यार्थिनी आधीच नोंदणीकृत परिचारिका असते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय घ्या. अशा ठिकाणी आगरी, मालवणी, अहिराणी, हिंदी, सिंधी अशा नानाविध बोली-भाषा बोलणारी माणसे येणे स्वाभाविकच आहे. रुग्ण आपले दुखणे आपल्या बोलीत सांगतो. त्याची नोंद बहुशः इंग्रजीत होते. या दोहोंमध्ये पुष्कळ काही गळते.

मराठीतील वेदनावाचक शब्दच पाहा. ‘ठणका’ एका जागी राहून नाडीसारखा उडतो. ‘कळ’ येते आणि ओसरते. म्हणूनच प्रसूतीच्या वेदनांना ‘कळा’ म्हणतात. ‘चमक’ हालचालीसरशी अवचित भरते. ‘मुरडा’ पोटातच येतो. ‘जळजळ’ आणि ‘आग’ यांची जात आणखी निराळी. हे सारे शब्द ‘पेन’ या एका शब्दात कोंबले, की वेदनेचे स्थान, काळ आणि स्वरूप यांविषयी रुग्णाने दिलेली माहिती नाहीशी होते. शून्य ते दहा या मोजपट्टीने तीव्रता कळते, प्रकार कळत नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॅकगिल प्रश्नावलीत वेदनेच्या ७८ इंग्रजी शब्दांची २० गटांत मांडणी केली, ती याच जाणिवेतून.

हा अभ्यास दूरशिक्षणास सर्वस्वी अनुकूल आहे. निरनिराळ्या बोलींतील तक्रारी अध्यापकांनी अभिनयाने ध्वनिमुद्रित कराव्यात. प्रत्यक्ष रुग्णाचा आवाज त्याच्या संमतीवाचून घेऊ नये. विद्यार्थिनीने मुद्रण ऐकून प्रथम रुग्णाचे शब्द जसेच्या तसे उतरावेत, मग त्यांचा अर्थ लिहावा आणि शेवटी कोणता प्रश्न विचारावयाचा राहिला ते नमूद करावे. एकाच मुद्रणावरील दोघींच्या नोंदी शेजारी ठेवल्या असता त्यांतील तफावत हाच धडा होतो.

असा पाठ ठराविक घटकेस बांधलेला नसावा. परिचारिकेची पाळी सकाळ, दुपार, रात्र अशी फिरत असते. ठरल्या वेळेचा ऑनलाइन वर्ग रात्रपाळी करून आलेल्या विद्यार्थिनीला गाठता येत नाही. शिवाय वर्गातील मौनाचा अर्थ अध्यापक चेहऱ्यांवरून लावू शकतो. पडद्यावर ‘समजले का?’ या प्रश्नास लाभलेले मौन संमतीचे, थकव्याचे की तुटलेल्या जोडणीचे, हे कळण्यास मार्ग नाही. लेखी उत्तर हाच तेथे अधिक विश्वसनीय पुरावा होय.

मात्र पाठ येथे पूर्ण होत नाही. ‘कळ’ आणि ‘ठणका’ यांतील भेद घरी ऐकून ओळखणारी विद्यार्थिनी कण्हणाऱ्या रुग्णापाशी योग्य तो प्रश्न योग्य वेळी विचारते किंवा नाही, हे अध्यापकाने खाटेजवळ उभे राहूनच पाहावयाचे असते. तात्पर्य, ऐकणे, लिहिणे आणि तपासणे हे दुरून शिकवावे. स्पर्श, निरीक्षण आणि प्रत्यक्ष संवाद यांची परीक्षा रुग्णालयातच व्हावी. ही सीमा पाळली नाही तर शिक्षणातील उणिवेची किंमत अखेर रुग्णासच मोजावी लागेल.