रिमफायर टार्गेट रिव्हॉल्वर

रिमफायर टार्गेट रिव्हॉल्वर म्हणजे कागदी किंवा धातूच्या लक्ष्यावर अचूक नेम साधण्यासाठी बनवलेले आणि रिमफायर प्रकारचे काडतूस वापरणारे रिव्हॉल्वर होय. हे काडतूस बहुतेक वेळा .२२ लाँग रायफल (व्यास सुमारे ५.६ मिमी) असते. लांब नळी, चारही दिशांना जुळवून घेता येणारी बॅकसाइट, हलका व स्वच्छ सुटणारा चाप आणि हाताला स्थिर वाटेल इतके वजन ही या शस्त्राची ठळक लक्षणे आहेत. त्याचा विकास मुख्यतः अमेरिकेत झाला. नवशिक्या नेमबाजाला शिकवणे आणि मोठ्या व्यासाच्या रिव्हॉल्वरचा सराव कमी खर्चात करणे, हे त्याचे दोन प्रमुख उपयोग आहेत. अशा रिव्हॉल्वरची निवड करताना सिलिंडरमधील प्रत्येक कप्पा नळीशी नेमका जुळतो की नाही आणि चाप कसा सुटतो, या दोन बाबी उत्पादकाचे नाव किंवा नळीची लांबी यांपेक्षा अधिक निर्णायक ठरतात.

काडतूस

रिमफायर काडतुसाच्या बुडाशी बाहेर आलेली पोकळ कड असते. आघाताने पेटणारे द्रव्य या कडेत भरलेले असते. घोडा सुटला की फायरिंग पिन ही कड चेपते, द्रव्य पेटते आणि त्यामुळे काडतुसातील दारू जळते. सेंटरफायर काडतुसात हे द्रव्य बुडाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत असते. कड चेपली जावी म्हणून रिमफायर काडतुसाचे पितळ पातळ ठेवावे लागते. परिणामी ते फार मोठा दाब सहन करू शकत नाही आणि एकदा वापरल्यावर पुन्हा भरता येत नाही. मात्र ते बनवण्यास सोपे व स्वस्त असते, त्याचा धक्का सौम्य असतो आणि आवाजही तुलनेने कमी असतो. म्हणूनच ते सरावासाठी सर्वत्र रूढ झाले.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेतील जे. स्टीव्हन्स या कंपनीने आणले. त्याची गोळी सामान्यतः ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते. याच्याशी नामसाधर्म्य असलेले .२२ मॅग्नम हे काडतूस १९५९ मधील असून ते निराळे आहे. त्याचे कवच अधिक रुंद व लांब असते. मॅग्नमसाठी बनवलेल्या कप्प्यात लाँग रायफल काडतूस सैल बसते आणि उडवल्यास त्याचे कवच फाटण्याचा संभव असतो. त्यामुळे नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव वाचणे ही निवडीतील पहिली पायरी मानली जाते.

इतिहास

पॅरिसमधील लुई-निकोला फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास घरातील नेमबाजीसाठी बनवलेले छोटे काडतूस हा रिमफायर पद्धतीचा आरंभ मानला जातो. त्याच कल्पनेच्या आधारे स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ मध्ये .२२ शॉर्ट काडतूस वापरणारे सात बारांचे 'मॉडेल १' रिव्हॉल्वर विक्रीस आणले. सिलिंडरला आरपार भोक पाडून मागून काडतूस भरण्याच्या रचनेचे एकस्व १८५५ पासून रोलिन व्हाइट याच्याकडे होते. त्याच्याशी करार केल्यामुळे १८६९ मध्ये एकस्व संपेपर्यंत ही कंपनी अमेरिकेत या क्षेत्रात जवळपास एकटीच राहिली.

ही आरंभीची रिव्हॉल्वरे खिशात ठेवण्याची होती. नेमबाजीसाठीच घडवलेले .२२ रिव्हॉल्वर विसाव्या शतकात आले. सॅन फ्रान्सिस्को येथील शस्त्रविक्रेता फिलिप बेकार्ट याच्या मागणीवरून स्मिथ अँड वेसनने १९११ मध्ये जड सांगाड्याचे .२२ टार्गेट रिव्हॉल्वर बनवले. १९३० च्या सुमारास कोल्ट कंपनीने आपले 'ऑफिसर्स मॉडेल टार्गेट' .२२ मध्ये आणले आणि १९३१ मध्ये स्मिथ अँड वेसनचे 'के-२२' बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर के-२२, के-३२ आणि के-३८ अशी 'मास्टरपीस' मालिका तयार झाली. या तिन्ही रिव्हॉल्वरांचे काडतुसांसह वजन सारखे, सुमारे ३८.५ औंस (१.१ किलोग्रॅम), राहील अशा बेताने त्यांच्या नळ्या घडवल्या होत्या. एका रिव्हॉल्वरवर बसलेला हात दुसऱ्यावर तसाच चालावा, हा त्यामागील हेतू होता. १९५७ मध्ये कंपनीने नमुन्यांना क्रमांक दिले, तेव्हा के-२२ 'मॉडेल १७' झाले. त्याची गंजरोधक पोलादाची पुढील आवृत्ती 'मॉडेल ६१७' म्हणून ओळखली जाते आणि तिचा दहा बारांचा प्रकारही मिळतो. रुगर कंपनीचे 'सिंगल-सिक्स' (१९५३) आणि कोल्टचे 'डायमंडबॅक' (१९६६ पासून) हेही या वर्गातील परिचित नमुने आहेत.

रचना आणि अचूकता

पिस्तुलात काडतुसाचा कप्पा एकच असतो आणि तो नळीचाच भाग असतो. रिव्हॉल्वरमध्ये सहा ते दहा कप्पे असतात आणि प्रत्येक बाराला नवा कप्पा फिरून नळीसमोर येतो. सिलिंडर व नळी यांच्यात साधारण ०.१ ते ०.२५ मिमी फट असते आणि गोळीला ती ओलांडून नळीत शिरावे लागते. कप्पा किंचित जरी बाजूला राहिला, तरी गोळीची एक कडा तासली जाते व तिचा तोल बिघडतो. म्हणून सहा बारांचे रिव्हॉल्वर अचूकतेच्या दृष्टीने एक शस्त्र नसून एकाच मुठीला जोडलेली सहा शस्त्रे आहेत, असे म्हणता येते. त्यांपैकी एक जरी सदोष असले, तरी दर सहावी गोळी भरकटते आणि नेमबाज तो दोष आपल्या हाताचा समजतो.

निवडीचे निकष

उपयोग

अमेरिकेतील पारंपरिक 'बुल्सआय' स्पर्धेतील 'टाइम्ड' व 'रॅपिड' प्रकारांच्या प्रत्येक मालिकेत पाच बार असतात. 'टाइम्ड' प्रकारात ते २० सेकंदांत, तर 'रॅपिड' प्रकारात १० सेकंदांत पूर्ण करावे लागतात. या वेगात प्रत्येक बारापूर्वी घोडा अंगठ्याने मागे ओढणे गैरसोयीचे ठरते. त्यामुळे .२२ गटात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्धस्वयंचलित पिस्तुलांचेच वर्चस्व राहिले. केवळ स्पर्धेतील गुण हे उद्दिष्ट असल्यास पिस्तूल अधिक सोयीचे असते. ज्याच्याकडे .३८ किंवा .३५७ व्यासाचे रिव्हॉल्वर आहे, ज्याला शिकवायचे आहे किंवा ज्याला सावकाश, एकेक बार काढत सराव करायचा आहे, त्याच्यासाठी रिमफायर रिव्हॉल्वर उपयुक्त ठरते. पाच बारांच्या मालिकेला सहा कप्पे पुरेसे असतात, त्यामुळे दहा कप्प्यांचा लाभ मुख्यतः अनौपचारिक सरावात होतो.

चाप

रिव्हॉल्वरचा चाप दोन प्रकारे चालतो. सिंगल ॲक्शनमध्ये घोडा आधी अंगठ्याने मागे ओढलेला असतो व चाप केवळ तो सोडतो. डबल ॲक्शनमध्ये चापाच्या एकाच ओढीत सिलिंडर फिरतो, घोडा मागे जातो आणि सुटतो. अचूक नेमबाजीत सिंगल ॲक्शन वापरतात. चांगला चाप न घसटता, काच तडकावी तसा एकाएकी सुटतो. बुल्सआय नियमांनुसार .२२ शस्त्राच्या चापाचा ताण किमान २ पौंड (सुमारे ०.९ किलोग्रॅम) असावा लागतो.

रिमफायरची एक अडचण येथे लक्षात घ्यावी लागते. काडतुसाची कड चेपण्यासाठी जोरदार आघात लागतो, म्हणून घोड्याची स्प्रिंग कडक ठेवलेली असते आणि डबल ॲक्शनचा चाप सहसा ४ किलोग्रॅमपेक्षा अधिक जड असतो. तो हलका करण्यासाठी स्प्रिंग सैल केल्यास काडतुसे न उडण्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे मूळ अवस्थेतच चाप पसंत पडेल असे रिव्हॉल्वर निवडणे, पुढे त्यात बदल करण्यापेक्षा श्रेयस्कर ठरते.

नळी आणि साइट

टार्गेट रिव्हॉल्वरांच्या नळ्या साधारणपणे ४ इंच (१० सेमी), ६ इंच (१५ सेमी) आणि ८ इंचांपेक्षा थोड्या अधिक लांबीच्या असतात. लांब नळीमुळे गोळी आपोआप अधिक अचूक जात नाही. फोरसाइट व बॅकसाइट यांतील अंतर वाढते आणि नेमातील चूक लक्ष्यावर कमी प्रमाणात उमटते, हा तिचा खरा लाभ आहे. उदाहरणार्थ, दोन्ही साइटमधील अंतर २०० मिमी असेल आणि त्यांची जुळणी अर्ध्या मिलिमीटरने चुकली, तर २५ मीटरवर गोळी ६२.५ मिमी बाजूला लागते. हेच अंतर २५० मिमी असेल, तर ती ५० मिमी बाजूला लागते. आंतरराष्ट्रीय २५ मीटर अचूकता लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ५० मिमी व्यासाचे असल्याने पहिल्या चुकीला आठ गुण मिळतात, तर दुसरी नऊच्या कडेवर राहते. मात्र लांब नळीने शस्त्राचे टोक जड होते. बहुतेक नेमबाजांना ६ इंची नळीत या दोहोंचा समतोल साधलेला आढळतो.

फोरसाइट काळी, चौकोनी व सपाट असावी. अमेरिकन नेमबाज ई. ई. पॅट्रिज याच्या नावाने हा आकार ओळखला जातो. बॅकसाइट उंचीत व आडवी अशी दोन्ही प्रकारे, स्पष्ट टप्प्यांनी सरकली पाहिजे.

वजन आणि मूठ

के-२२ चे वजन सुमारे १.१ किलोग्रॅम, तर दहा बारांच्या ६ इंची मॉडेल ६१७ चे सुमारे सव्वा किलोग्रॅम आहे. जड शस्त्र चाप ओढताना कमी हलते. परंतु एका हाताने तासभर सराव करणाऱ्या किशोरवयीन किंवा वयस्क नेमबाजाचा खांदा त्याने लवकर थकतो आणि थकलेला हात चुकीची सवय लावून घेतो. तर्जनीचे पेर चापाच्या मध्यावर सहज पोहोचणे, हा मुठीचा मुख्य निकष होय. मूठ बदलता येते, सांगाडा बदलता येत नाही.

वापरलेल्या रिव्हॉल्वरची तपासणी

जुन्या के-२२ किंवा कोल्टच्या रिव्हॉल्वरांना आजही मागणी आहे. अशा शस्त्राची तपासणी पुढील क्रमाने केली जाते.

१. सिलिंडर उघडून सर्व कप्पे रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करणे.

२. घोडा अगदी सावकाश मागे ओढून, तो पूर्ण मागे जाण्यापूर्वी सिलिंडर जागी अडकतो का, हे प्रत्येक कप्प्यासाठी पाहणे.

३. सिलिंडर आडवा किंवा पुढेमागे किती हलतो ते पाहणे. किंचित हालचाल स्वाभाविक असते, खडखडाट मात्र झीज दर्शवतो.

४. कप्प्यांच्या मागच्या कडा न्याहाळणे. रिमफायर शस्त्राचा चाप काडतुसाविना ओढल्यास फायरिंग पिन थेट कप्प्याच्या कडेवर आदळून तेथे खळगा पाडू शकते. अशा खळग्यामुळे काडतूस नीट बसत नाही किंवा उडत नाही.

५. कप्प्याच्या आत साचलेले कडे पाहणे. .२२ शॉर्ट काडतुसे फार वापरली असल्यास तेथे थर साचतो व लांब काडतुसे अडकतात. हा दोष बहुधा साफसफाईने जातो.

अंतिम कसोटी रेंजवर होते. कप्प्यांना क्रमांक देऊन आणि शस्त्र आधारावर टेकवून प्रत्येक कप्प्यातून पाच-पाच बार वेगवेगळ्या कागदांवर मारले जातात. सर्व कागदांवरील गट सारख्या आकाराचे व एकाच जागी असल्यास रिव्हॉल्वर निर्दोष समजले जाते. एकच गट विस्कटलेला किंवा सरकलेला असल्यास त्या कप्प्याचा दोष उघड होतो. हीच चाचणी दोन-तीन प्रकारच्या काडतुसांनी केल्यास त्या शस्त्राला कोणते काडतूस मानवते, हेही कळते. साधारण वेगाची काडतुसे सहसा अधिक एकसारखी असल्याने लक्ष्यवेधासाठी त्यांना पसंती दिली जाते.

सुरक्षितता

.२२ काडतूस लहान असले, तरी ते प्राणघातक आहे आणि त्याची गोळी दीड किलोमीटरपेक्षाही दूर जाऊ शकते. सिलिंडर व नळी यांतील फटीतून तप्त वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. म्हणून तेथे बोट ठेवू नये आणि शेजारच्या व्यक्तीने मागे उभे राहावे. डोळ्यांचे व कानांचे संरक्षण आवश्यक असते. कप्प्यांना मागून खोलगट कड असल्यास काडतुसाची कड फुटली तरी नेमबाजाचे रक्षण होते. काडतुसांत शिसे असल्याने बंदिस्त रेंजवर वायुवीजन असणे आणि सरावानंतर हात धुणे महत्त्वाचे असते.

भारतातील स्थिती

भारतात .२२ रिव्हॉल्वर बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोन केली. नामांकित खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. क्रीडा नेमबाजीचे नियमन करणारी भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते आणि त्यांच्या नावाने राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा भरते.

आंतरराष्ट्रीय २५ मीटर प्रकारांत .२२ रिमफायर पिस्तुले वापरली जातात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. भारतीय नेमबाज सहसा १० मीटर एअर पिस्तुलापासून आरंभ करून .२२ पिस्तुलाकडे वळतात. त्यामुळे रिमफायर टार्गेट रिव्हॉल्वर येथे क्वचितच दिसते. तथापि चापावरील ताबा, साइटची जुळणी आणि शस्त्राचा दोष व हाताचा दोष यांतील भेद ओळखणे, या गोष्टी दोन्ही शस्त्रांना सारख्याच लागू पडतात.