गोळी सुरू केलीत, मध्येच सोडू नका

मागच्या बैठकीत हप्ता भरून झाल्यावर एक ताई मागे थांबली. म्हणाली, "ताई, डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिलेली. आठ दिवस घेतली, फरक नाही म्हणून सोडली. आता अळंबीचं औषध निघालंय म्हणे, ते मिळेल का?"

आज त्यावरच बोलू.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. सेरोटोनिन हा त्यातला एक निरोप्या. काम झालं की पेशी त्याला परत आत ओढून घेते. एस्सिटालोप्रामसारखी गोळी हे ओढणं अडवते, म्हणून सेरोटोनिन बाहेर जास्त वेळ राहतं. हे लवकर घडतं, पण मन सावरायला दोन ते सहा आठवडे लागतात. पेरलं की लगेच कणीस येत नाही, तसंच हे. सुरुवातीला मळमळ किंवा झोपेचा त्रास होऊ शकतो. मन जास्तच बिघडलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

आता अळंबी. काही अळंब्यांत सायलोसायबिन असतं. ते सेरोटोनिनच्याच एका कुलपाला किल्लीसारखं बसतं. त्यामुळे काही तास मेंदूचे एरवी वेगवेगळे चालणारे भाग एकमेकांशी जास्त बोलतात. घाण्याच्या बैलासारखे तेच ते फिरणारे विचार त्यामुळे सुटत असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने 59 रुग्णांवर या दोन्ही औषधांची तुलना केली. 2021 साली निकाल आला. सहा आठवड्यांनी मुख्य मोजमापात एक दुसऱ्यापेक्षा सरस, असं ठरलं नाही. तिथेही सायलोसायबिन मोजून, तज्ज्ञ शेजारी बसवून दिलं होतं.

आपल्या देशात सायलोसायबिनवर कायद्याने बंदी आहे. रानातली अळंबी औषध म्हणून तर मुळीच खाऊ नका. विषारी अळंबीने यकृत निकामी होऊन जीव जातो.

या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. पण अचानक सोडल्या तर चक्कर येते, जीव घाबरा होतो. बंद करायच्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

त्या ताईला घेऊन मी परत डॉक्टरांकडे गेले. गोळी पुन्हा सुरू झाली आहे. तुमच्या गटात कुणी गप्प गप्प राहू लागली असेल, तर आधी तिच्याजवळ बसा. 14416 हा टेलि-मानसचा नंबर तिला द्या. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.