वीज गेली तरी कंडेन्सर भरलेलाच

तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्यांचं पाणी मुंबईला जातं. इथल्या बऱ्याच शेतकऱ्यांना मात्र पंप लावूनच पाणी उचलावं लागतं. भातकापणी उरकली की शहापूर-मुरबाडात भेंडी-काकडीची तयारी सुरू होते आणि भातसा, काळू, शाई या नद्यांच्या काठी पंप घुमू लागतात. पंप नुसताच घूं-घूं करत फिरेना झाला, तर ‘कंडेन्सर गेला’ हे निदान शाळकरी पोरही करतं. त्याच्या जोडीला असायला हवा तो रेझिस्टर मात्र कुणी विचारत नाही.

सिंगल फेजची मोटर आपणहून सुरू होत नाही. कंडेन्सर तिच्या दुसऱ्या गुंडाळीतला प्रवाह पुढे सरकवतो, तेव्हा कुठे तिला फिरण्याची दिशा मिळते. स्टार्टरच्या पेटीवरचं हिरवं बटण एक-दोन सेकंद दाबून धरतो, तेवढाच वेळ स्टार्टचा मोठा कंडेन्सर जोडलेला असतो. बटण सोडलं की तो सुटतो. रनचा छोटा चालू राहतो.

खरी गोम या सुटण्यात आहे. बटणाच्या पट्ट्यांत पडलेली ठिणगी प्रवाह शून्यावर आला की विझते. आणि कंडेन्सरमधला प्रवाह शून्य असतो, नेमका तेव्हाच त्यावरचा विजेचा दाब (व्होल्टेज) सर्वांत जास्त असतो. म्हणजे तो सुटतो तो भरूनच! 230 व्होल्टच्या पुरवठ्याचं शिखर सुमारे 325 व्होल्ट. मेन स्विच पाडून, निर्धास्तपणे पेटीत हात घालणाऱ्याला झटका बसतो तो या साठ्याचा.

सरळगावजवळच्या एका मळ्यात मी पाहिलेल्या स्क्रूड्रायव्हरचं पातं खळग्यांनी भरलं होतं. दोन्ही टोकं त्यानं जोडून ‘कंडेन्सर मारायची’ सवय! रोध जवळपास शून्य, म्हणून सगळा साठा एका क्षणात बाहेर पडतो; पातं वितळतं, कंडेन्सरचे आतले सांधेही दुखावतात. त्याऐवजी 100 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरला समांतर 100 किलोओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडावा. दोघांचा गुणाकार 10 सेकंद. दर 10 सेकंदांनी दाब आधीच्या 37 टक्क्यांवर येतो: 325 वरून 120, मग 44, 16, 6 आणि 50 सेकंदांनी जेमतेम 2 व्होल्ट. काही रुपयांच्या या वस्तूवाचून एकही पेटी विकली जाऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं.

घरातल्या पंख्याच्या रेग्युलेटरातही हीच जोडी. जुन्या खोक्यात तारेचा रोध तापत बसायचा. नव्यात कंडेन्सर वेग कमी करतात आणि बटण फिरवताना उसळणाऱ्या प्रवाहाला छोटे रेझिस्टर आवर घालतात.

राहिला ऑटोस्विच, म्हणजे वीज आली की पंप आपोआप सुरू करणारा स्विच. तो काढा आणि पंपाला कपॅसिटर (म्हणजे कंडेन्सरच) बसवा, असं महावितरण वारंवार सांगतं, ते योग्यच आहे. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते; वीज येताक्षणी एका रोहित्रावरचे सगळे पंप एकदम उठले, तर रोहित्र जळायला वेळ लागत नाही. मात्र ऑटोस्विच ठेवायचाच असेल, तर त्याला उशिरा सुरू करणारा टायमर जोडावा; साध्या टायमरातही हीच जोडी असते. रेझिस्टरमधून कंडेन्सर हळूहळू भरतो आणि ठरावीक दाबाला रिले ओढला जातो. रोध वाढवला की उशीर वाढतो. शेजाऱ्यांनी आपसांत ठरवून एकाने 20 सेकंद, दुसऱ्याने 40, तिसऱ्याने 60 असा टायमर लावला, तर पंप एकामागून एक उठतील.