लस आणि लागण यांच्या मधले दिवस

16 जानेवारी 2021 रोजी देशभर कोरोनाचं लसीकरण सुरू झालं आणि पहिला मान आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाला. अमरावती जिल्ह्यातही डॉक्टर, परिचारिका, आशाताई, सफाई कामगार रांगेत बसले. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी उघडली की चार तासांत संपवायची. म्हणून माणसं जमेपर्यंत थांबायचं, नोंदणीचं कोविन ॲप अडकलं की फोन करून एकेकाला बोलवायचं. सुई झाली की अर्धा तास निरीक्षण कक्षात बसायचं. त्या अर्ध्या तासात सगळ्यांचे चेहरे सैलावलेले दिसायचे. वर्षभर पीपीई किटमध्ये घामेजलेल्या माणसांना वाटत होतं, आता सुटलो.

पण फेब्रुवारीत अमरावतीत रुग्ण पुन्हा भराभर वाढले, तेही राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या आधी. 22 तारखेपासून अमरावती आणि अचलपूर बंद झालं. तशी घोषणा करणाऱ्या तेव्हाच्या पालकमंत्री यशोमती ठाकूर त्या वेळी आमच्या तिवसा मतदारसंघाच्याच आमदार होत्या, त्यामुळे आमच्या मोझरी गावात ती बातमी घरातली असल्यासारखी पोचली. दुसरा डोस 13 फेब्रुवारीपासून मिळू लागला होता. म्हणजे लाट आली तेव्हा आमच्यापैकी कुणाचा एकच डोस झालेला, कुणाचा दुसरा नुकताच. त्यातच काहीजण पॉझिटिव्ह निघाले. मीही निघाले.

गावात एकच बोलणं सुरू झालं. "सुई टोचली अन् म्हणूनच त झाला न बाई तुले!" ज्यांना लस घ्या म्हणून सांगत दारोदार फिरायचं, त्यांच्यासमोर मीच पुरावा होऊन बसले. याचं दुःख तापापेक्षा जास्त होतं.

खरं काय होतं? कोविशिल्डमधला विषाणू शरीरात वाढू शकत नाही, कोव्हॅक्सिनमधला तर मारलेलाच असतो. लसीने येतो तो ताप, अंगदुखी, दंड ठणकणं. तेही दोन-तीन दिवसांत उतरतं. फोडणीचा वास येईनासा होतो, खोकला लागतो, तेव्हा ती लागण असते. आणि लसीचं संरक्षण उभं राहायला दोनेक आठवडे लागतात, पुरेसं व्हायला दुसरा डोस. तोवर वॉर्डातला रुग्ण तोंडासमोर खोकतच असतो. लस घेतल्यावर ड्युटी कमी झाली नव्हती, उलट वाढली होती.

फ्लूचंही असंच. 2009 च्या स्वाइन फ्लूत पुण्यात देशातला पहिला मृत्यू 3 ऑगस्टला झाला, आणि सीरम इन्स्टिट्यूटची नाकातून द्यायची देशी लस आली जुलै 2010 मध्ये, जगभरातली साथ ओसरत असताना. फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. जुळणी चांगली झाली तरी ती साधारण 40 ते 60 टक्केच आजार टाळते; गंभीर आजारापासून मात्र जास्त वाचवते. टोचायच्या लसीतला विषाणू मृत असतो. त्यामुळे "लसीनेच फ्लू झाला" असं कुणी सहकारी म्हणाली की मी तिला एवढंच विचारते, घेतली कधी?

कारण अडचण नेमकी तिथे आहे. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि पुन्हा जानेवारी-मार्चमध्ये डोकं काढतो. लस घ्यायची ती पाऊस लागण्याआधी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला आश्विनात मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात लाखो माणसं येतात. तिथल्या आरोग्य केंद्रावर बसणाऱ्याने आदल्या दिवशी सुई घेऊन काय होणार? ग्रामगीतेत ग्रामआरोग्यावर स्वतंत्र अध्याय लिहिणाऱ्या महाराजांच्या गावात तरी हे वेळेवर व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आशाताई आणि कंत्राटी परिचारिकांचा प्रश्न याहून मोठा. आजारी पडून घरी बसलं की त्यांचा मोबदला बुडतो, म्हणून ताप अंगावर काढून त्या बाळंतिणीच्या घरी जातात. फ्लूची लस मे महिन्यात द्या, पुढचे दोन आठवडे मास्क सोडू देऊ नका, आणि ताप आलेल्या आशाताईला पगारी सुट्टी द्या. आरोग्य विभागाने एवढं या वर्षीच करावं.