गळाचा छंद

नदीच्या डोहाकाठी एक माणूस बसला आहे. हातात लांब काठी आहे. काठीला दोरा आहे. दोऱ्याचे टोक पाण्यात आहे. सकाळपासून तो तसाच बसला आहे. वाटेने जाणारे थांबतात, बघतात आणि हसतात.

"काय दादा, किती मिळाले?" एकजण विचारतो.

"दोन मिळाले. एक लहान होता. तो सोडून दिला."

"सोडून दिला? मग उन्हात बसलात कशाला? बाजारात मासळी मिळते की!"

प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर आपण समजून घेऊ.

कोळी आणि भोई पोटासाठी मासे धरतात. ते जाळे टाकतात. त्यांचे काम कष्टाचे आहे. डोहाकाठी बसलेला हा माणूस हौसेने बसला आहे. कोणी कुस्ती बघायला जातो, कोणी भजनाला जातो, तसा हा पाण्याकाठी येतो. मासा मिळाला तर आनंद. नाही मिळाला तरी मन शांत होते.

ही हौस आजकालची नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीला चालुक्य राजा सोमेश्वर राज्य करीत होता. त्याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचा एक भाग आहे. विनोद म्हणजे करमणूक. मासे कोणते, त्यांना आमिष कोणते, गळ कसा टाकावा, हे सारे त्यात सांगितले आहे. म्हणजे राजालाही हा नाद होता बरं का!

सामान थोडे, सबुरी फार

या छंदाला सामान थोडेच लागते. एक बांबूची लवचिक काठी. तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा. एक गळ. कोकणात गळाला गरी म्हणतात, आणि गळाने मासे धरण्याला गरवणे म्हणतात. दोरा बुडावा म्हणून शिशाचा लहान तुकडा लावतात. मासा लागला हे कळावे म्हणून बुचाचा तुकडा बांधतात. तो पाण्यावर तरंगतो. बूच हलले की समजावे, पाहुणा आला!

आमिष माशाप्रमाणे बदलते. रोहू आणि कटला कणकेच्या गोळीला येतात. वाम आणि शिंगाळा गांडुळाला येतात. मरळ शिकारी मासा आहे. तो लहान मासा किंवा बेडूक गिळतो.

पाण्याकाठी धपाधप पाय आपटू नयेत. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते. त्या रेघेवाटे त्याला पाण्यातली बारीक हालचालसुद्धा कळते. भर दुपारी पाणी तापते. तेव्हा मासे खोल पाण्यात जातात. म्हणून सकाळ आणि संध्याकाळ या वेळा चांगल्या.

खाडीचे गणित

खाडीवर आणि समुद्रावर भरती-ओहोटी बघावी लागते. भरतीच्या पाण्याबरोबर बोय, तांबोशी, जिताडा असे मासे खाडीत शिरतात. भरती कधी येणार? कोकणातली जुनी माणसे तिथीवरून हिशोब करतात. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी आहे. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारीही. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. हा अंदाज आहे. त्यात तासभर मागेपुढे होते. पण घड्याळ नव्हते तेव्हाही या हिशोबाने कामे चालत.

अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण असते. तेव्हा पाणी फार चढते. खडकावर बसणाऱ्याने त्या दिवशी जास्त जपावे. खडकावर शेवाळ असते. पाय घसरतो. पाठीमागून पाणी भरते आणि परतीची वाट बंद होते. एकट्याने जाऊ नये. धरणाखाली नदीत बसला असाल तर भोंग्याकडे कान ठेवावा. पाणी सोडले की नदी झटकन चढते. विजेच्या तारेखाली लांब काठी उभी करू नये. माशापेक्षा जीव मोठा.

डोह कोणाचा?

गळ टाकण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी. धरणातले आणि तळ्यातले मासे पुष्कळदा सोसायटीने किंवा ठेकेदाराने ठेक्याने घेतलेले असतात. त्यांची परवानगी लागते. काही डोह देवाचे असतात. महाड तालुक्यात वाळणकोंड आहे. वाडा तालुक्यात वैतरणा नदीवर तिळसे आहे. तिथले मासे कोणी धरत नाही. लोक त्यांना खाऊ घालतात. म्हणून तिथे मोठमोठे मासे बघायला मिळतात.

पहिला पाऊस पडला की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. याला वलगण म्हणतात. त्यांच्या पोटात गाबोळी असते. ते अंडी घालायला निघालेले असतात. रोहूची एक मोठी मादी लाखांच्या हिशोबाने अंडी घालते. ती वाटेतच धरली, तर पुढच्या वर्षीची मासळी आजच संपली. बियाण्याची जोंधळ्याची कणगी कोणी दळून खातो का?

त्याहून वाईट काम म्हणजे सुरुंग उडवणे, विष घालणे, पाण्यात विजेची तार सोडणे. त्यात लहानमोठे सगळे मासे मरतात. तार सोडणारी माणसेही मरतात. सुरुंग आणि विष घालून मासे मारणे १८९७ सालापासून कायद्याने गुन्हा आहे.

सोडून का द्यायचा?

आता त्या डोहाकाठच्या माणसाकडे परत येऊ. लहान मासा त्याने सोडला. तो वाढेल, अंडी घालील. पण सोडण्याचीही रीत आहे. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो थर त्याला रोगापासून राखतो. कोरड्या हाताने तो निघून जातो. म्हणून आधी हात ओले करावे. मासा पाण्यातच धरून गळ काढावा. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवला, तर गळ सहज निघतो.

एका वहीची गोष्ट

गळ टाकणाऱ्यांचा सर्वांत आवडता मासा म्हणजे महसीर. काही गावांत त्याला खडशी म्हणतात. त्याला वाहते, स्वच्छ पाणी लागते. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला हा मासा सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली शास्त्राच्या दप्तरात नोंदवला. आता शहरातून जाणारी ती नदी सांडपाण्याने काळी झाली आहे. तिथे महसीर कसा राहणार?

हा मासा टिकावा म्हणून लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास त्याची पिल्ले तयार करायला सुरुवात केली. पिल्ले ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली. दक्षिणेत कावेरी नदीतही सोडली. हेतू चांगला होता. पण कावेरीत मूळचा एक वेगळा महसीर होता. त्याच्या पाठीला कुबड असते. तो फार मोठा वाढतो. कावेरीत हा नवा महसीर वाढत गेला आणि कुबडवाला कमी होत गेला.

हे कळले कसे? कावेरीकाठी हौसेने गळ टाकणारे लोक येत. धरलेला मासा ते सोडून देत. पण सोडण्याआधी त्याची जात आणि वजन वहीत लिहून ठेवीत. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या वह्या शास्त्रज्ञांनी वाचल्या. तेव्हा घट उघड झाली. २०१८ साली कुबडवाल्या महसीरची नोंद अतिशय धोक्यात असलेल्या प्राण्यांत झाली.

यातून दोन गोष्टी शिकाव्या. एक, बाहेरचा मासा आपल्या नदीत विचारल्याशिवाय सोडू नये. दुसरी, लिहून ठेवावे. आपल्या डोहात कोणते मासे होते, हे म्हातारी माणसे तोंडी सांगतात. ती गेली की ते ज्ञानही जाते.

तुम्हाला आता लिहिता येते. एक वही करा. तारीख, तिथी, माशाचे नाव, त्याची लांबी, पाणी गढूळ की स्वच्छ, एवढे लिहा. म्हाताऱ्यांना विचारून जुन्या माशांची नावेही लिहा. गळ न टाकणाऱ्यालाही हे करता येईल. उद्या तुमच्या नदीचे काय झाले असे कोणी विचारले, तर उत्तर तुमच्या वहीत असेल.