विश्लेषण : दुबईला नेण्याच्या बॅगेत खसखस, खोकल्याचे औषध का नको?

दुबईला मुलाकडे किंवा लेकीकडे निघालेल्या आई-वडिलांच्या बॅगेत दोन गोष्टी हमखास असतात : घरचा फराळ आणि महिना-दोन महिन्यांची औषधे. नेमक्या याच दोन गोष्टी निघण्यापूर्वी तपासायला हव्यात. आपल्याकडे वाण्याकडे किंवा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या काही वस्तू संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. त्या सापडल्यास जप्तीवर भागेलच असे नाही, अटकही होऊ शकते.

खसखशीवर बंदी का?

खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि खसखस खुलेआम विकली जाते. अमिरातीत मात्र या बियांवरही बंदी आहे. ‘घरच्या वापरापुरतीच आहे’ या उत्तराच्या भरवशावर राहू नये.

ती कशाकशात असते?

सुटी पुडी कुणी मुद्दाम नेत नाही. पण अनारशांवर, करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवांत आणि अनेक घरच्या मसाल्यांत खसखस असते. न्यायचा फराळ करतानाच ती वगळा. विकतचा मसाला असेल तर पाकिटावरील घटकांची यादी वाचा. विड्याची पानेही नेऊ नका.

कोणत्या औषधांबाबत सावध राहावे?

कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडोल असलेली वेदनाशामके, नसांच्या दुखण्यावरचे प्रीगाबालिन, झोप व अस्वस्थतेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम ही तेथे नियंत्रित औषधे आहेत. गोळीच्या ब्रँडवरून हे कळत नाही. स्ट्रिपवर बारीक अक्षरात छापलेले घटक पाहा किंवा डॉक्टरांना विचारा.

परवानगी कशी मिळते?

नियंत्रित औषध बंद करता येत नसेल तर अमिरातीच्या अधिकृत सरकारी संकेतस्थळावर प्रवासापूर्वी अर्ज करावा लागतो. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि वैद्यकीय अहवाल तयार ठेवा. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि आजार इंग्रजीत, वाचता येईल असे लिहायला सांगा. मधुमेह, रक्तदाबाच्या साध्या गोळ्याही मूळ वेष्टनातच न्या. स्ट्रिप फोडून डबीत भरलेल्या गोळ्या कशाच्या आहेत, हे विमानतळावर पटवून देणे कठीण जाते.

फक्त विमान बदलायचे असेल तर?

दुबई किंवा अबुधाबीमार्गे युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांनीही हीच काळजी घ्यावी. विमानतळाबाहेर पाऊल टाकले नाही, तरी तेथील कायदा लागू होतो.

शेजाऱ्यांचे पार्सल न्यावे का?

‘तिकडे आमचा भाचा घ्यायला येईल’ असे म्हणून दिलेला डबा नाकारणे अवघड असते. पण बॅगेत जे सापडते, त्याचा जाब बॅगेच्या मालकाला द्यावा लागतो. पार्सल समोर उघडून दाखवणार नसतील तर घेऊ नका. शिवून, चिकटपट्ट्या लावून बंद केलेले तर नाहीच नाही.

दागिने, रोकड किती?

रोख रक्कम, दागिने व मौल्यवान वस्तूंची किंमत ६०,००० दिरहमपेक्षा जास्त होत असेल तर ती सीमाशुल्क विभागाकडे जाहीर करणे बंधनकारक आहे.

अडचण आलीच तर?

वाद घालू नका आणि न कळणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नका, दुभाषा मागा. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटक झालेल्या परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. भारताचा दूतावास अबुधाबीत, तर वाणिज्य दूतावास दुबईत आहे. दोन्हींचे क्रमांक मोबाइलमध्ये तर ठेवाच, शिवाय कागदावर लिहून पासपोर्टसोबतही ठेवा. पासपोर्ट, व्हिसा आणि चिठ्ठीची एक प्रत घरी द्या. बंदीची यादी बदलत असते, म्हणून बॅग भरण्याच्या आठवड्यात ती अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा एकदा पाहून घ्या.